हायब्रिड मोटार : खरेदीपूर्वी मांडावयाचा खर्च आणि सवलतींचा हिशोब

'हायब्रिड' हा शब्द विदर्भातील शेतकऱ्याला नवा नाही. सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेला संकर-४ हा कपाशीचा वाण १९७० साली लागवडीस आला. व्यापारी लागवडीखाली आलेला तो जगातील पहिला कपाशी संकर होय. त्यानंतर संकरित बियाणे घरोघरी पोहोचले आणि त्याबरोबर एक धडाही मिळाला. भारी जमीन, ओलीत आणि वेळेवर खत जेथे होते, तेथे महाग बियाण्याचे पैसे वसूल झाले. हलक्या कोरडवाहू जमिनीत मात्र पुष्कळदा खर्चच वाढला. बियाणे वाईट नव्हते, पण ते कोठे आणि कोणत्या परिस्थितीत लावले यावर सर्व अवलंबून होते.

हायब्रिड मोटारीचेही नेमके असेच आहे. कापसाचे चुकारे हाती आले की अनेक कुटुंबांत मोटार घेण्याचा विचार सुरू होतो. 'पेट्रोल निम्मे लागते', 'सरकार सवलत देते' असे ऐकून महाग मोटार नोंदविली जाते. पेरणीचा खर्च आपण जसा मांडतो, तसाच या खरेदीचाही मांडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

नाचणगावचे उदाहरण

देवळी तालुक्यातील नाचणगाव हे पुलगावला लागून असलेले मोठे गाव. तेथील एका शेतकऱ्याने हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. शेती चौदा एकर. विहिरीवर काही ओलीत, बाकी कोरडवाहू. पिके कपाशी, सोयाबीन आणि तूर. आईचे औषधपाणी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सुरू असल्याने महिन्यातून दोनदा तेथे जावे लागते. दर वेळी भाड्याची गाडी शोधण्याचा त्रास होत असल्याने मोटार घ्यावयाची हे घरात ठरले होते. साधी पेट्रोल मोटार घ्यावी की तीच मोटार हायब्रिड घ्यावी, एवढाच प्रश्न होता.

प्रथम आम्ही त्यांना वर्षभराच्या धावेचा अंदाज काढावयास सांगितले. तो असा निघाला :

- सेवाग्राम, महिन्यातून दोन फेऱ्या (जाऊन-येऊन सुमारे ९० कि.मी.) : २,१६० कि.मी.
- नागपूर, महिन्यातून एक फेरी (जाऊन-येऊन सुमारे २२० कि.मी.) : २,६४० कि.मी.
- पुलगाव बाजार, शेत व इतर जवळची कामे : २,४०० कि.मी.
- लग्नकार्य व देवदर्शन : १,८०० कि.मी.

एकूण ९,००० कि.मी. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढील सर्व हिशोब यावरच उभा आहे.

हायब्रिड मोटार म्हणजे काय ?

या मोटारीत पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर असे दोन्ही असतात. साध्या मोटारीत ब्रेक दाबला की वेगातील शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हायब्रिडमध्ये त्याच वेळी विजेची मोटर जनित्रासारखी फिरते आणि त्या शक्तीचा काही भाग विजेच्या रूपाने बॅटरीत साठतो. पुन्हा निघताना ही वीज वापरली जाते. गाडी थांबली असताना आणि हळू चालताना इंजिन बंद राहू शकते. बाहेरून चार्जिंग करावे लागत नाही.

बाजारात याचे दोन प्रकार आढळतात. सौम्य हायब्रिडमध्ये लहान मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. पूर्ण हायब्रिडमध्ये काही अंतर गाडी केवळ विजेवर चालते. खरी इंधन बचत दुसऱ्या प्रकारात आहे. विक्रेता 'हायब्रिड' म्हणाला तर प्रथम प्रकार विचारावा.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे वारंवार ब्रेक लागतो, सिग्नलवर थांबावे लागते, तेथे बचत जास्त. पुण्या-मुंबईच्या गर्दीत ही मोटार आपले गुण दाखविते. देवळीहून वर्ध्याकडे मोकळ्या रस्त्याने एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकच कमी लागतो, तेव्हा परत मिळणारी शक्तीही कमी असते.

सवलती : ऐकीव आणि प्रत्यक्ष

१) केंद्राचे अनुदान : एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'फेम' योजनेत सौम्य हायब्रिड मोटारींनाही अनुदान होते. १ एप्रिल २०१७ पासून ते बंद झाले. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेत खाजगी मोटारींच्या खरेदीला अनुदान ठेवलेले नाही.

२) वस्तू व सेवा कर : २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. १,२०० सी.सी. पर्यंतचे पेट्रोल इंजिन आणि ४ मीटरपर्यंत लांबी या दोन्ही अटींत बसणाऱ्या मोटारीवर १८ टक्के कर आहे, मग ती हायब्रिड असो वा नसो. यापेक्षा मोठ्या मोटारींवर, हायब्रिड धरून, ४० टक्के कर आहे. त्यापूर्वी मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर होता. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर यांसारख्या पूर्ण हायब्रिड मोटारींचे इंजिन दीड लिटरचे आणि लांबी ४ मीटरहून अधिक असल्याने त्या ४० टक्क्यांत येतात. तुलनेसाठी, पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या मोटारीवर ५ टक्के कर आहे आणि शेतीच्या ट्रॅक्टरवरील करही त्याच दिवसापासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

३) राज्याचा कर : महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन करातील माफी आणि समृद्धी महामार्गावरील टोलमाफी पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी आहे. ती हायब्रिडला लागू होत नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने पूर्ण हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. ती बातमी आपल्याकडेही फिरली व त्यातून पुष्कळांचा गैरसमज झाला. दुसऱ्या राज्याची माफी आपल्या नोंदणीला उपयोगी पडत नाही.

४) आयकर : व्यापारी किंवा डॉक्टर मोटारीचा घसारा खर्चात दाखवून आयकर वाचवू शकतात. शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नसल्याने केवळ शेतीवर अवलंबून असणाऱ्यास ही वजावट लागू पडत नाही. शहरातील नातेवाईकाला परवडलेली मोटार आपल्याला परवडेलच असे नाही, याचे हेही एक कारण आहे.

थोडक्यात, मोठी हायब्रिड मोटार घेणाऱ्या आपल्या भागातील शेतकऱ्याला खास अशी सवलत नाही. बचत होईल ती पेट्रोलचीच.

जादा खर्चाची मांडणी

समजा, एकाच मोटारीचा पेट्रोल प्रकार १३,५०,००० रुपयांना आणि हायब्रिड प्रकार १६,००,००० रुपयांना मिळतो. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या कोटेशनमधील आकडे घालून हिशोब करावा.) फरक २,५०,००० रुपयांचा. त्यावर राज्याचा मोटार वाहन कर १२ टक्के धरल्यास ३०,००० रुपये. म्हणजे सुरुवातीलाच २,८०,००० रुपये जादा. मोटार १० वर्षे वापरली आणि शेवटी या जादा रकमेपैकी ५०,००० रुपये परत मिळाले असे धरू.

तक्ता क्र. १ : हायब्रिडसाठी वर्षाला येणारा जादा खर्च

| बाब | रुपये |
|---|---|
| घसारा (२,८०,००० वजा ५०,०००, भागिले १० वर्षे) | २३,००० |
| सरासरी गुंतवणूक १,६५,००० वर ९ टक्के व्याज | १४,८५० |
| विम्याचा जादा हप्ता | ३,००० |
| एकूण | ४०,८५० |

पैसे रोख भरले तरी व्याज धरावेच. तीच रक्कम बँकेत असती किंवा शेतीत असती तर तिने काही मिळवून दिले असते.

आता बचत पाहू. पेट्रोलचा दर १०५ रुपये लिटर धरला आहे. कंपनीने जाहीर केलेले अॅव्हरेज चाचणीतील असते. प्रत्यक्षात ते कमी पडते, म्हणून येथे कमी आकडे घेतले आहेत.

तक्ता क्र. २ : वर्षाला ९,००० कि.मी. धावेवर पेट्रोलची बचत

| तपशील | नाचणगाव (मोकळा रस्ता जास्त) | मोठे शहर (गर्दी जास्त) |
|---|---|---|
| पेट्रोल मोटार, कि.मी. प्रति लिटर | १६ | ११ |
| हायब्रिड मोटार, कि.मी. प्रति लिटर | २२ | २१ |
| बचत, रुपये प्रति कि.मी. | १.७९ | ४.५५ |
| वर्षाची बचत, रुपये | १६,१०० | ४०,९०० |
| जादा खर्च, रुपये | ४०,८५० | ४०,८५० |
| फायदा किंवा तोटा | सुमारे २४,७०० तोटा | बरोबरी |

मोटार तीच, धाव तेवढीच. तरी शहरात खर्च भरून निघतो आणि नाचणगावात वर्षाला सुमारे पंचवीस हजार रुपये खिशातून जातात. नाचणगावच्या रस्त्यांवर हा जादा खर्च भरून निघण्यासाठी वर्षाला सुमारे २२,८०० कि.मी., म्हणजे रोज बासष्ट कि.मी. गाडी चालली पाहिजे. घरातील कोणी नोकरीसाठी रोज वर्ध्याला मोटारीने जात-येत असेल तर ही धाव गाठता येते. केवळ घरच्या कामासाठी ती गाठणे कठीण आहे.

हप्ता आणि हंगाम

नोकरदाराचा पगार दरमहा येतो, शेतकऱ्याचे पैसे मात्र सुगीनंतर येतात. हा फरक मोटारीच्या हप्त्याला कळत नाही. वरील जादा २,८०,००० रुपये ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर केवळ या फरकापोटी महिन्याला सुमारे ५,८०० रुपये हप्ता पडतो. पेट्रोलची बचत मात्र महिन्याला सुमारे १,३४० रुपये आहे. मे-जूनमध्ये बियाणे, खत आणि मशागतीसाठी पैसा लागतो. त्याच वेळी हप्ताही उभा असतो.

येथेच खरा धोका आहे. किसान क्रेडिट कार्डावरील ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाचा व्याजदर ७ टक्के असून, ते मुदतीत फेडल्यास केंद्राकडून ३ टक्के सूट मिळते. पूर्ण ३ लाखांवर ही सूट वर्षाला ९,००० रुपये होते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभही मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळतो. मोटारीचा हप्ता भरण्याच्या नादात पीककर्ज थकले, तर हायब्रिडने वाचविलेल्या १६,१०० रुपयांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम केवळ केंद्राची सूट गेल्याने बुडते. पुढील हंगामात कर्ज मिळण्यास अडचण येते ती वेगळीच. शेतकऱ्याच्या हातातील खरी सवलत ही आहे. ती आधी सांभाळावी.

दुसरी सवलत ठिबक सिंचनाची. केंद्राच्या योजनेत लहान व सीमांत शेतकऱ्यांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. महाराष्ट्रात पूरक अनुदानासह ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. विहिरीला पाणी असेल, तर जादा २,८०,००० रुपयांचा काही भाग कपाशी आणि तुरीच्या ठिबकावर घातल्यास काय मिळेल, याचाही ताळा करून पाहावा.

तरीही हायब्रिड घ्यावयाची असल्यास

१) बॅटरीची हमी किती वर्षांची व किती कि.मी. ची आहे ते लेखी घ्यावे. काही कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० कि.मी. हमी देतात.

२) हायब्रिडची दुरुस्ती करणारे अधिकृत केंद्र गावापासून किती दूर आहे ते पाहावे. नारिंगी रंगाच्या तारांतून उच्च दाबाची वीज वाहते. गावातील कारागिराला त्यांना हात लावू देऊ नये.

३) अनेक हायब्रिड मोटारींत बॅटरी हवेने थंड केली जाते आणि हवा घेणारी जाळी मागील आसनाजवळ असते. त्यावर पोते किंवा सामान ठेवू नये. मोटारीतून कापूस नेल्यास त्याचा रेशा जाळीत अडकतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ही जाळी बंद पडणे बॅटरीला घातक आहे. ती वेळोवेळी स्वच्छ करून घ्यावी.

४) विक्रेत्याची सूट तोंडी धरू नये. रोख सूट, जुन्या गाडीची किंमत आणि विमा हे तीन आकडे कोटेशनमध्ये वेगवेगळे लिहून घ्यावेत. मोटार कोणत्या महिन्यात तयार झाली तेही पाहावे.

सारांश

हायब्रिड मोटारीचे तंत्र चांगले आहे, पेट्रोल वाचते यात शंका नाही. परंतु किती वाचते हे रस्ता आणि धाव ठरवितात. म्हणून प्रथम वर्षाची धाव लिहावी. नंतर जादा किमतीचा वार्षिक खर्च काढावा. त्याला एका कि.मी. च्या बचतीने भागावे. येणारा आकडा आपल्या धावेपेक्षा मोठा असेल तर साधी मोटार घ्यावी.

नाचणगावच्या त्या कुटुंबाने हा हिशोब घरी बसून पुन्हा केला. त्यांनी ४ मीटरच्या आतील साधी पेट्रोल मोटार घेतली. पीककर्ज मुदतीत फेडले आणि खरिपाच्या बियाण्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवले. आईला आता ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सेवाग्रामला नेता येते. मोटार घेण्यामागचा हेतू तोच होता, आणि तो कमी खर्चात साध्य झाला.