हेस्टनच्या निबंधातली एकवीस माणसं

नागझिऱ्यात वानर खाकरलं की जिप्सी जागेवर थांबते आणि सगळे श्वास रोखून झाडीत वाघ शोधू लागतात. गेटबाहेरच्या टपरीवर भर मे महिन्यात कानटोपी घालून बसलेल्या म्हाताऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. वानरं वाघासाठी नाही, त्याच्यासाठी ओरडतात; आज कुठल्या वाटेनं जायचं नाही, ते सांगतात. टपरीवाल्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "तो असाच हाय जी."

हा 'असाच' माणूस 2004 मध्ये 'देवराई' हा चित्रपट पाहिल्यापासून माझ्या डोक्यात बसलाय. त्यातला अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष नुसता वेगळा कधीपर्यंत होता आणि आजारी कधी झाला, ती रेघ मला सापडेना. चित्रपटामागे होते डॉ. जगन्नाथ वाणी. मूळचे धुळ्याचे, कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र आणि विम्याच्या जोखमीचं गणित शिकवणारे. पत्नीला स्किझोफ्रेनिया. जोखीम मोजण्यात हयात गेली, आणि तीच जोखीम बसली होती घरातच. त्यांनी 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. गंमत म्हणजे 'देवराई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनाचा!

या आजाराची जोखीम रक्तातून येते की घरातून, हा वाद जुना. त्यात मला सगळ्यात आवडतो तो लिओनार्ड हेस्टन या मानसोपचारतज्ज्ञाचा 1966 चा निबंध. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची 47 मुलं जन्मानंतर तीन दिवसांतच त्यांच्यापासून दूर केली गेली होती. ती मोठी झाल्यावर हेस्टननं त्यांचा माग काढला. पाच जणांना स्किझोफ्रेनिया. तुलनेसाठी घेतलेल्या 50 जणांत एकही नाही. पाठ्यपुस्तकं इथंच थांबतात. हेस्टन थांबला नाही. काही मुलं कायद्याशी भांडत जगली, काही कुठेच टिकली नाहीत. पण ज्यांच्यात काहीच बिघाड दिसला नाही अशी 21 जणं तुलनेतल्या लोकांपेक्षा जास्त मोकळी, जास्त कल्पक, रंगीत आयुष्य जगणारी निघाली. त्याच रक्ताची!

पुढे डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या नोंदी चाळताना केटी आणि रोझेन्थाल या संशोधकांना आजाऱ्यांच्या रक्ताच्या नात्यात धड आजारी नाहीत, धड चारचौघांसारखेही नाहीत, असे लोक भेटले. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1980 मध्ये त्यांना 'स्किझोटायपल' म्हटलं आणि व्यक्तिमत्त्व विकृतीच्या कप्प्यात टाकलं. ('विकृती' हा शब्द ज्यानं रूढ केला, त्याच्या घरी असा कुणी नसावा.) जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र तीच फाइल स्किझोफ्रेनियाच्या शेजारी ठेवली, क्रमांक एफ 21. शास्त्र म्हणून मला दुसरा कप्पा पटतो. पण मुलीचं लग्न ठरवायला निघालेल्या बापाला पहिलाच परवडतो; त्यात स्किझोफ्रेनियाचं नाव निघत नाही.

डेन्मार्कमध्येच 2018 मध्ये 'स्किझोटायपल' असं निदान झालेल्या 2,539 जणांचा हिशेब प्रसिद्ध झाला. वीस वर्षांत साधारण 33 टक्के स्किझोफ्रेनियापर्यंत पोचले. गांजाची सवय असलेल्यांत 58 टक्के. म्हणजे एकूण दोन तृतीयांश पोचलेच नाहीत. शिवाय ही सगळी दवाखान्याची पायरी चढलेली माणसं. कानटोपीवाला तर कुठल्याच वहीत नाही.

परतीच्या दिवशी पुन्हा टपरीवर थांबलो. टपरीवाल्यानं न विचारता एक ग्लास मागच्या बाकावर, जरा लांब, नेऊन ठेवला. तेवढ्यात आत कुठंतरी वानर ओरडलं. आम्ही सगळे माना वळवून वाघ शोधू लागलो. म्हाताऱ्यानं चहा तसाच ठेवला, कानटोपी सारखी केली आणि उलट्या वाटेनं चालू लागला.