वक्रपादाचे उपचार आणि दीर्घकालीन पाठपुरावा : डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या संशोधनकार्याचा परिचय

प्रस्तावना
सुमारे हजार जन्मांमागे एका बालकाचे पाऊल जन्मतःच आत व खाली वळलेले असते. या विकृतीस वक्रपाद किंवा क्लबफूट म्हणतात. उपचार न झाल्यास मूल पावलाच्या बाहेरील कडेवर चालू लागते आणि त्याची शाळा, श्रम व विवाह या साऱ्यांवर त्याचा परिणाम होतो. एखादा उपचार 'यशस्वी' झाला हे केव्हा आणि कशावरून ठरवावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी (1914–2009) यांच्या कार्याच्या आधारे केला आहे.

जीवन व प्रश्नाचा उगम
स्पेनमधील मिनोर्का बेटावर एका घड्याळजीच्या घरी पोन्सेटी यांचा जन्म झाला. 1936 साली बार्सिलोना येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण होताच यादवी युद्ध सुरू झाले. प्रजासत्ताकाच्या सैन्यात त्यांनी जखमींवर उपचार केले. पराभवानंतर 1939 मध्ये ते फ्रान्समार्गे मेक्सिकोत गेले आणि 1941 साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. आर्थर स्टाइंडलर यांच्या हाताखाली दाखल झाले. तेथे वक्रपादाची शस्त्रक्रिया पूर्वी झालेल्या रुग्णांची त्यांनी फेरतपासणी केली. पावले दिसायला सरळ झाली होती. परंतु पुष्कळांची पावले ताठ, दुर्बल व वेदनायुक्त होती. गुरूंच्याच विभागातील निष्कर्षांकडे त्यांनी डोळेझाक केली नाही, हे येथे विशेषत्वाने नमूद केले पाहिजे.

पद्धतीचे स्वरूप
पावलाच्या सांध्यांच्या हालचाली व अस्थिबंधांची रचना अभ्यासून त्यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस आपली पद्धती बसवली. तान्ह्या मुलाचे अस्थिबंध हळुवार ताणल्यास सैल होतात. त्या स्थितीत प्लास्टर घालून आठवड्याने पुन्हा थोडी दुरुस्ती करता येते. दाब कोठे द्यावा, हा यातील कळीचा मुद्दा होय. तत्पूर्वीच्या काइट पद्धतीत पावलाच्या बाहेरील बाजूच्या मध्यावर दाब दिल्याने टाचेच्या हाडाचे फिरणे अडत असे. पोन्सेटी यांनी तो आधार घोट्यालगतच्या टॅलस हाडाच्या शिरावर दिला. बहुधा पाच-सहा प्लास्टरनंतर टाचेमागील कंडरा छोट्याशा छेदाने सोडवली जाते. पुढे विशिष्ट जोडबूट प्रथम तीन महिने जवळजवळ अहोरात्र आणि नंतर सुमारे चार वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालावे लागतात. ते टाळल्यास विकृती परतण्याचा धोका मोठा असतो.

पुराव्याचा प्रवास
या पद्धतीचे निष्कर्ष 1963 साली प्रसिद्ध झाले. परंतु शस्त्रक्रियेकडे कल असलेल्या व्यवसायाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. 1995 मध्ये कूपर व डिएट्झ यांनी सुमारे तीस वर्षांपूर्वी उपचार झालेल्या 45 व्यक्तींची 71 पावले तपासली. 78 टक्के व्यक्तींचा निष्कर्ष उत्तम वा चांगला होता. जन्मजात विकृती नसलेल्या तुलना-गटात हे प्रमाण 85 टक्के होते. या अंतराची अल्पताच बोलकी ठरली. तथापि हा अभ्यास दोन उपचारांची तुलना नव्हता. ती उणीव यादृच्छिक विभागणीच्या चाचण्यांनी काही अंशी भरून काढली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील अशा एका चाचणीत काइट पद्धतीपेक्षा पोन्सेटी पद्धतीने अधिक पावले आणि कमी काळात दुरुस्त झाली. दीर्घ पाठपुरावा उपचाराचे टिकाऊपण दाखवतो, तर यादृच्छिक चाचणी त्याचे तुलनात्मक श्रेय ठरवते. एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ
आपल्याकडील अडचण बहुधा उशिरा येणाऱ्या रुग्णाची होती. अशा ताठरलेल्या पावलांसाठी मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी 'जेस' ही तारा व सळ्यांची बाह्य स्थिरीकरण प्रणाली विकसित केली. तीत हाडे न कापता मऊ ऊती क्रमाक्रमाने ताणल्या जातात. मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी संपादित केलेल्या अस्थिशल्यशास्त्राच्या बृहद्ग्रंथात (1999) या प्रणालीवर स्वतंत्र प्रकरण आहे. 2013 साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणीयोग्य जन्मजात विकृतींमध्ये वक्रपादाचा समावेश झाला. मात्र निदान लवकर झाले, तरी दर आठवड्याचा प्रवास आणि बुडणारी मजुरी यांचा भार कुटुंबावरच पडतो. म्हणून उपचाराचे यश हा केवळ शल्यकौशल्याचा नव्हे, तर सामाजिक अभ्यासाचाही विषय ठरतो.

समारोप
पोन्सेटी यांच्या कार्यातून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, तात्काळ दिसणारा परिणाम हा अंतिम पुरावा नव्हे. दुसरी, संशोधकाने आपल्या व आपल्या गुरूंच्या निष्कर्षांकडे काही वर्षांनी परत गेले पाहिजे. शोधनिबंध प्रसिद्ध होताच विषय मिटला असे मानण्याची सवय सर्वच विद्याशाखांत आढळते. ज्या बालकाचे पाऊल आज सरळ झाले, ते तिसाव्या वर्षी वेदनेविना चालते काय, हे विचारणे हीच त्या सवयीवरील खरी दुरुस्ती होय.