अर्धायुष्य शिकविताना

नववी-दहावीच्या मुलांस किरणोत्सर्गी द्रव्याचे अर्धायुष्य नुसत्या सूत्राने शिकविले, की सूत्र पाठ होते आणि चुकीची समजूत तशीच राहते. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षे आहे असे सांगून साडेदहा वर्षांनी किती उरेल, हे विचारून पाहावे. 'काहीच नाही' असे उत्तर हटकून येते. खरे उत्तर एक चतुर्थांश.

ही चूक परीक्षेतील गुणांपुरती नाही. दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात २०१० साली एका प्रयोगशाळेतील कोबाल्टचे जुने यंत्र येऊन पडले. १९८५ पासून ते वापरात नव्हते. पंचवीस वर्षांत त्यातील किरणोत्सर्ग शेकडा तीन-चारवर आला होता; तेवढाही एका कामगाराचा जीव घेण्यास पुरला.

समजूत सुधारण्यास शंभर नाणी व झाकणाचा एक डबा पुरे. डबा खळखळवून नाणी सतरंजीवर ओतावी, छापा वर आलेली काढून घ्यावी, उरलेली मोजून पुन्हा डब्यात घालावी. शंभरांची पन्नासच्या आसपास, मग पंचवीस, मग बारा-तेरा. एक फेरी म्हणजे एक अर्धायुष्य. आकडे तंतोतंत जुळत नाहीत, कारण नाणी शंभरच. एक ग्रॅम कोबाल्ट-६० मध्ये एकावर बावीस शून्ये इतके अणू असतात, म्हणून तेथे हिशेब पक्का उतरतो.

मग विचारावे : पाच फेऱ्या टिकलेले नाणे सहाव्या फेरीत जाण्याचा संभव अधिक काय? बहुतेक मुले होय म्हणतात. मुळात 'आयुष्य' हा शब्दच थोडा फसवा. तो ऐकला की वार्धक्य आठवते. माणूस झिजतो, नाणे थकत नाही, आणि अणूही थकत नाही. आज घडलेला कोबाल्टचा अणू व वीस वर्षे टिकलेला अणू, दोहोंचा पुढील सव्वापाच वर्षांत क्षय होण्याचा संभव सारखाच, निम्मा. अमुक अणूची पाळी केव्हा, हे मात्र कोणासही सांगता येत नाही.

हा दृष्टान्त एके ठिकाणी लंगडा पडतो. क्षय पावलेला अणू नाहीसा होत नाही. एक इलेक्ट्रॉन व गॅमा किरण बाहेर टाकून कोबाल्टचे निकेल होते. म्हणून काढलेली नाणी खिशात न टाकता शेजारी दुसऱ्या ढिगात ठेवावी. एक ढीग घटतो तसा दुसरा वाढताना मुलांस दिसतो.