कोळशावर वसलेलं उपनगर : वॉशिंग्टन राज्यातलं न्यूकॅसल

आजचा विषय मला एका फोनमुळे सुचला. माझी भाची अमेरिकेत सिएटलजवळ राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागच्या वर्षी एके दिवशी सकाळी सहाला तिचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ. म्हणाली, "मामा, न्यूकॅसल म्हणून गाव आहे इथे, तिथे एक घर आवडलंय. पण कागदपत्रांत लिहिलंय की ही जागा 'कोल माइन हॅझर्ड एरिया'त येते. म्हणजे काय? घ्यावं की नाही? तुम्ही खाणीत होतात ना?"

होतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यात मी सर्व्हेअर होतो. जमिनीखाली कुठे किती कोळसा काढला, कुठे काय ठेवलं, ते मोजून नकाशावर चढवणं हे माझं काम. तिला म्हटलं, मला चार दिवस दे. त्या चार दिवसांचे चार महिने झाले, कारण वाचत गेलो तसा त्या गावात अडकत गेलो. ती जी माहिती जमली, ती आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. सिएटल शहराच्या पश्चिमेला समुद्राची खाडी आणि पूर्वेला लांबलचक गोड्या पाण्याचं तळं, लेक वॉशिंग्टन. तळ्याच्या पलीकडच्या काठावर बेलव्ह्यू. त्याच्या दक्षिणेला, कूगर माउंटन नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी न्यूकॅसल. २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती १३,०१७. म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या गावाएवढं. गुळगुळीत रस्ते, उंच झाडं, गोल्फचं मैदान, चांगल्या शाळा. गावातून जाणाऱ्या मुख्य रस्त्याचं नाव मात्र कोल क्रीक पार्कवे. कोळशाचा ओढा!

या ओढ्याच्या काठी १८६३ साली कोळसा सापडला. तेव्हा सिएटल म्हणजे लाकूड कापणाऱ्यांची छोटी वस्ती. इंग्लंडमधल्या कोळशाच्या जुन्या बंदरावरून गावाला न्यूकॅसल नाव दिलं, यावरून काय स्वप्नं होती ते कळतं. कोळसा होता, पण गिऱ्हाईक होतं सॅन फ्रान्सिस्कोला, आणि मध्ये डोंगर, जंगल आणि दोन तळी. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीचा प्रवास ऐका. खाणीतून वाघीण रुळांवरून लेक वॉशिंग्टनच्या काठी. तिथून तराफ्यावर चढवून तळ्यापार. मग जमिनीची चिंचोळी पट्टी ओलांडून दुसऱ्या तळ्याकडे, लेक युनियनला. पुन्हा तराफा. मग पुन्हा रुळांवरून शहरातल्या पाइक स्ट्रीटच्या धक्क्यापर्यंत, आणि तिथून जहाजात. असं सांगतात की एकेका खेपेला कोळसा अकरा वेळा हाताळला जायचा. १८७५ मध्ये भरलेल्या वाघिणी नेणारा एक तराफा तळ्यातच बुडाला. त्या वाघिणी तळाशी पाणबुड्यांना सापडल्या, शंभरहून अधिक वर्षांनी. हा सगळा खटाटोप करूनही धंदा परवडत होता, यावरून त्या कोळशाची किंमत समजा.

याच काळात नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेनं शेवटचं स्थानक म्हणून सिएटलला डावलून शेजारचं टॅकोमा निवडलं. साल १८७३. सिएटलकर चिडले. १ मे १८७४ ला गावातली माणसं फावडी-कुदळी घेऊन स्वतःच रेल्वेचा मार्ग खणायला निघाली. रेल्वेचं नाव 'सिएटल अँड वाला वाला'. वाला वाला हे गाव डोंगररांगेपलीकडे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे ही गाडी कधीच पोचली नाही. पोचली कुठे, तर १८७८ साली न्यूकॅसलच्या खाणीपर्यंत. पण तेवढ्यानं काम झालं. अकरा वेळा हाताळणं संपलं, माल थेट धक्क्यावर. सिएटल मोठं झालं त्यात लाकडाइतकाच या कोळशाचा वाटा आहे. १८८० मध्ये राष्ट्राध्यक्ष हेझ तिकडे आले, तेव्हा त्यांना मुद्दाम खाण दाखवायला नेलं.

आता खाणीच्या आत जाऊ या, कारण भाचीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

आपल्याकडे वर्धा खोऱ्यात कोळशाचा थर बहुतेक ठिकाणी थोडासाच कललेला असतो, ताट किंचित तिरकं ठेवावं तसा. न्यूकॅसलला तसं नाही. तिथले थर सुमारे चाळीस अंशांनी तिरपे आहेत, घराच्या उतरत्या कौलांसारखे, किंबहुना त्याहून जास्तच. थराचं वरचं टोक जमिनीवर उघडं पडलेलं, खालचं टोक उत्तरेकडे खोल गेलेलं. मग खाण कशी करणार? थराच्या उतारावरूनच खाली बोगदा न्यायचा. आपण त्याला इन्क्लाइन म्हणतो, ते स्लोप म्हणतात. फोर्ड स्लोप नावाची तिथली एक १९०५ ते १९२६ चालली. त्या उतारावरून ठरावीक अंतरावर दोन्ही बाजूंना आडव्या गॅलऱ्या काढायच्या, आणि प्रत्येक गॅलरीतून वरच्या अंगाला कोळसा तोडत जायचं. तोडलेला कोळसा उतारामुळे आपोआप घसरत खाली वाघिणीत येतो. मध्ये मध्ये छत तोलायला कोळशाचेच खांब सोडायचे. आम्ही पिलर म्हणतो.

इथे एक साधा हिशेब करा. थर चाळीस अंशांनी तिरपा आहे. थर उघडा पडलेल्या रेषेपासून तुम्ही सपाटीवर दहा मीटर चाललात, तर तुमच्या पायाखाली खाण साधारण आठ मीटरांवर. शंभर मीटर चाललात तर चौऱ्याऐंशी मीटरांवर. खोल खाणीचं छत कोसळलं तर पडलेला दगड फुगतो, जास्त जागा घेतो, आणि पोकळी वर येता येता बहुधा मध्येच भरून जाते. उथळ खाणीचं छत कोसळलं तर पोकळी थेट पृष्ठभागावर येते आणि खड्डा पडतो. म्हणजे धोका गावभर सारखा पसरलेला नाही. तो पट्ट्यांमध्ये आहे. थर जिथे जिथे उघडा पडलाय, त्या रेषांच्या कडेनं. एका घराला काही नाही आणि समोरच्या घराला अहवाल लागतो, असं होऊ शकतं.

हे फक्त तिकडचं नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. घरातली माणसं आधीच बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण होती. खाण बंद झाली म्हणजे खाण गेली असं वरच्या माणसाला वाटतं. खाली पोकळी तशीच असते. तिला घाई नसते.

आता माणसांकडे वळतो. इथे जरा थांबायला हवं.

खाणीत कोण होते? वेल्श, इंग्रज, इटालियन, फिनिश, बरेच. कंपनीनं बांधलेली घरं लाल रंगाची, म्हणून एका वस्तीचं नावच रेड टाउन. आणि कमी मजुरीवर काम करणारे चिनी. १८८२ मध्ये अमेरिकेनं चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी केली होती. १८८५ च्या सप्टेंबरात पश्चिमेत चिन्यांवर हल्ल्यांची लाटच आली. त्या ११ तारखेला रात्री तोंडं झाकलेली माणसं कोल क्रीकच्या चिनी वस्तीवर चालून आली, मजुरांना जंगलात पिटाळलं आणि झोपड्या पेटवल्या. पन्नासच्या आसपास माणसं होती. पुढच्या फेब्रुवारीत सिएटल शहरातूनही जमावानं चिन्यांना धक्क्यावर नेऊन जहाजात चढवायला सुरुवात केली. १८९१ मध्ये खाणमालक कंपनीनं संप मोडायला मध्य-पश्चिमेतून काळे खाणकामगार आणले, आधी शेजारच्या फ्रँकलिनला, मग न्यूकॅसलला. खरं काय आहे ते त्यांना निघताना सांगितलं नव्हतं. १९२१ मध्ये पुन्हा मजुरीवरून झगडा झाला आणि संपकऱ्यांच्या कुटुंबांना कंपनीची घरं सोडावी लागली. हा क्रम नीट बघा. प्रत्येक वेळी कामगाराला कामगाराच्या समोर उभं केलंय, आणि प्रत्येक वेळी घर गेलंय ते कामगाराचं.

आज त्या भागातल्या शाळांमध्ये चिनी आणि भारतीय मुलं मोठ्या संख्येनं आहेत. चिनी मजुरांची आठवण गावात कुठे उरली? चायना क्रीक या ओढ्याच्या नावात, आणि गोल्फच्या मैदानावर. तिथे दोन मैदानं आहेत, एकाचं नाव कोल क्रीक, दुसऱ्याचं चायना क्रीक. ते गोल्फचं मैदान १९९९ मध्ये सुरू झालं. त्याआधी तिथे बांधकामाचा राडारोडा टाकत. त्याच्या आधी खाण.

खाणी संपल्या कशा, हे थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियाचं खनिज तेल आलं, जहाजं आणि रेल्वे तेलावर गेली. मोठ्या कंपनीनं १९३० च्या सुमारास गाशा गुंडाळला, रूळ उचलून नेले. मागे छोटे ठेकेदार राहिले, ते १९६३ पर्यंत खणत होते. शंभर वर्षांत सुमारे एक कोटी टन कोळसा निघाला. या छोट्या ठेकेदारांकडे सर्व्हेअर म्हणून माझं लक्ष जातं. मोठा गेल्यावर छोटा काय काढतो? जे वर, हाताशी उरलंय ते. म्हणजे उघड्या टोकाजवळ सोडलेला कोळसा, छताला आधार म्हणून ठेवलेला. नेमका तोच धोक्याचा पट्टा. आणि छोट्याकडे नकाशे काढायला माणूस नसतो.

मग खेड्याचं उपनगर झालं कसं? १९४० मध्ये लेक वॉशिंग्टनवर तरंगता पूल झाला आणि तळ्याचा पूर्व काठ सिएटलला गाडीच्या अंतरावर आला. शेजारी रेंटनला बोइंगचा कारखाना. युद्धानंतर या टेकड्यांवर घरांच्या रांगा चढू लागल्या. १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रेडमंडला गेली आणि जागेचे भाव वर. १९९४ मध्ये न्यूकॅसल स्वतंत्र शहर झालं. शंभर वर्षांहून जुन्या गावाची नगरपालिका तीस वर्षांची, अशी गंमत आहे.

पण सगळीकडे घरं झाली नाहीत. कूगर माउंटनवर तीन हजार एकरांहून मोठं वनउद्यान आहे, १९८३ सालचं. हार्वी मॅनिंग नावाचे डोंगरभटके लेखक आणि त्यांचे साथीदार यांनी त्यासाठी मोहीम चालवली, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. माझं मत विचाराल तर कोळशाचाही हात आहे. खाण कंपन्यांनी जमीन मोठमोठ्या सलग तुकड्यांत धरून ठेवली आणि खालून पोखरली. अशी जमीन बिल्डरला नकोशी असते. रेड टाउनला आज घर नाही, उद्यानात शिरायची वाट आहे. थोडं चाललं की फोर्ड स्लोपचं बुजवलेलं तोंड दिसतं.

बुजवलं कोणी? १९७७ मध्ये अमेरिकेनं कायदा केला. चालू खाणींनी प्रत्येक टनामागे पैसे भरायचे, सुरुवातीचा दर खुल्या खाणीला ३५ सेंट, भूमिगतला १५. त्यातून आधी सोडून दिलेल्या खाणींची तोंडं बंद करायची, खड्डे भरायचे. म्हणजे वायोमिंगमध्ये आज निघणारा कोळसा न्यूकॅसलमधल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या भोकाचे पैसे देतो. मला हा कायदा फार आवडला. त्यात एकच गोची आहे. भोक कुठे आहे ते माहीत हवं. त्यासाठी जुने नकाशे. वॉशिंग्टन राज्याच्या भूविज्ञान खात्यानं जुन्या कंपन्यांचे खाण-नकाशे जपून ठेवलेत, आज ते कोणालाही संगणकावर बघता येतात. नकाशे आणि थराचा उतार बघून जागांचे वर्ग पाडतात, धोका नाही, मध्यम, तीव्र. मध्यम-तीव्र असेल तर बांधण्याआधी तज्ज्ञाकडून भोकं पाडून तपासणी. आणि हो, घराच्या नेहमीच्या विम्यात जमीन खचणं धरत नाहीत. पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय अशा काही राज्यांत त्यासाठी वेगळी सोय आहे.

भाचीला मी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. थर उघडा पडलेली रेषा प्लॉटपासून किती दूर? घराखाली खाण असेल तर किती खोल? आणि त्या थरावर १९३० नंतर कोणी खणलं का? पहिल्या दोघांची उत्तरं नकाशावर मिळाली, आणि ती चांगली होती. रेषा दूर, खाण खोल. तिसऱ्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग घर घेतलं का?)

नाही. पण खाणीमुळे नाही हं. आम्ही मामा-भाची नकाशे बघत बसलो तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी जास्त बोली लावून घर उचललं. त्यांनी ती ओळ वाचली की नाही, ठाऊक नाही. तिनं नंतर दोन गल्ल्या पलीकडे घेतलं. तिथल्या कागदांतही तीच ओळ आहे, आणि या वेळी अहवाल तिनं बोली लावण्याआधीच मागवला होता.