८० रुपयांचे भांडवल

उन्हाळा सुरू झाला की महाराष्ट्रात घरोघरी पापडांची धांदल उडते. उडदाचे पीठ, मिरे, हिंग व पापडखार यांचा घट्ट गोळा कुटला जातो. शेजारणी पोळपाट-लाटणे घेऊन मदतीस येतात. मुले कच्च्या लाट्या पळविण्यासाठी तेथेच घुटमळत असतात. घरातील या कलेवर संसार चालू शकेल, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. मुंबईतील सात गृहिणींच्या मनात ते आले.

गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीत या गुजराती भाषक स्त्रिया राहत असत. त्यांचे शिक्षण बेताचेच होते. त्यामुळे बाहेर नोकरी मिळणे कठीण होते. संसारास हातभार लावण्याची इच्छा मात्र मोठी होती, आणि हातात पापड लाटण्याचे कौशल्य होते. छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले, आणि १५ मार्च १९५९ रोजी इमारतीच्या गच्चीवर कामास प्रारंभ केला. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. भुलेश्वर येथील एका व्यापाऱ्याकडे ती विक्रीस गेली.

घरासाठी पापड करणे आणि बाजारासाठी करणे यांत मोठे अंतर आहे. घरी एखादा पापड जाड झाला, एखाद्यात मीठ जास्त पडले, तर कोणी रागावत नाही. दाम मोजणारे गिऱ्हाईक मात्र प्रत्येक वेळी तीच चव, तोच आकार व तेच वजन मागते. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. म्हणून दर्जाच्या बाबतीत तडजोड करावयाची नाही, असा नियम झाला. हिशेबही पैन्‌पै लिहिला जाऊ लागला. डाळ, मसाला, तेल, वेष्टन व मजुरी हे सर्व वजा केल्यावर जे उरते, तोच खरा नफा. हे ज्याला कळत नाही, त्याचा धंदा भरपूर विक्री होऊनही बुडतो.

लवकरच पहिली परीक्षा आली. पावसाळा सुरू झाला आणि ऊन नाहीसे झाले. ओलसर पापडास बुरशी लागते; त्यामुळे काम चार महिने बंद ठेवावे लागले. चार महिने मिळकत नाही! दुसरा एखादा उद्योग तेथेच संपला असता. या भगिनींनी पुढच्या वर्षी एक खाट व एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली शेगडी ठेवावयाची! उपाय साधा होता. पण त्यामुळे पावसातही काम चालू राहिले.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली. हळूहळू आणखी स्त्रिया येऊन मिळाल्या. १९६२ मध्ये या पापडांस ‘लिज्जत’ हे नाव देण्यात आले, आणि १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. तिचे नाव ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’. तिची कामाची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. पीठ केंद्रातच मळले जाते. त्यामुळे चव सर्वत्र सारखी राहते. भगिनी ते घरी नेतात, पापड लाटून वाळवितात आणि परत आणून देतात. तेथे वजन व दर्जा पाहून लाटण्याची मजुरी मिळते. येथे कोणी मालक नाही व कोणी नोकर नाही. प्रत्येक सभासद भगिनी सहमालक असते. नफा जसा सर्वांचा, तसा तोटाही सर्वांचा. कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही, हा निश्चयही प्रारंभापासूनच पाळला गेला.

आज सुमारे ४५,००० स्त्रिया या उद्योगात आहेत. मूळच्या सात जणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांचा २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ देऊन गौरव करण्यात आला.

चांगला स्वयंपाक करणारे हात घरोघरी असतात. त्या हातांना चोख हिशेब, नियमितपणा व एकमेकींवरील विश्वास यांची जोड मिळाली, तर ८० रुपयांचे उसने भांडवलही पुरेसे होते.