भडगाव: गिरणेचे खोरे आणि कपाशीचा व्यापार

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरात उगम पावलेली गिरणा मालेगावमार्गे पूर्वेला येते, चाळीसगाव तालुका ओलांडून भडगावच्या शिवारात शिरते आणि पाचोऱ्यापुढे उत्तरेला वळून तापीला मिळते. खानदेशातील भडगाव तालुका तिच्या खालच्या टप्प्यात येतो. काठाला पोयट्याची जमीन, त्यामागे बेसाल्ट झिजून झालेली काळी कसदार माती आणि माळाला मुरूम. पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. याच नदीच्या १८७२ च्या महापुराने भडगावची मोठी पडझड केली होती. हल्ली उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूउपशाचे खड्डेच अधिक दिसतात.

येथील घरादारांत अहिराणी चालते; तांड्यांवर बंजारा बोली, वस्त्यांवर भिली. दिवाळीच्या आगेमागे तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. शेतीवर मजूर मिळत नाही ही तक्रार आणि गावात काम नाही ही तक्रार एकाच पारावर ऐकू येते, आणि दोन्ही खऱ्या असतात. कपाशीच्या वेचणीला मजूर लागतात ते थोडेच आठवडे. टोळीला पुढे चार-पाच महिने काम असते.

कपाशीने या भागाचे नशीब पालटले ते अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५). लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि खानदेशच्या मालाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून भुसावळकडे रेल्वे आली. रूळ भडगावातून गेले नाहीत, काजगावातून गेले. तालुक्याचे ठिकाण आजही रेल्वेविना आहे. पुढे सरकारने भडगावला प्रायोगिक शेत चालवले. विलायतेच्या यंत्रांना लांब धाग्याचा कापूस हवा, म्हणून त्या काळच्या सरकारी शेतांवर परक्या वाणांची खटपट चाले.

आजचा व्यवहार जिनिंगच्या आवारात पाहावा. व्यापारी गाडीतून मूठभर कापूस उपसतो, चिमटीत धागा ताणून लांबी बघतो, ओल आणि कवडी (किडका, डागाळलेला कापूस) तपासतो आणि भाव बोलतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. म्हणजे शेतकऱ्याचा भाव रुईइतकाच सरकीच्या दरावरही ठरतो. २००२ मध्ये बोंडअळी रोखण्यासाठीच्या बीटी वाणांना परवानगी मिळाली. तरीही २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर हात दाखवला. वेचणी उरकल्यावर पाणी देऊन फरदड घेण्याची सवय या अळीच्या पथ्यावर पडते, हे ठाऊक असूनही ती सुटत नाही. हातात पैसा देणारे दुसरे पीक त्या दिवसांत नसते.

भडगावसारखाच मध्य आफ्रिकेतील चाड हा देश समुद्रापासून तुटलेला आणि कापसावर वाढलेला. तेथे शारी आणि लोगोन नद्यांच्या दक्षिण पट्ट्यात फ्रेंचांनी १९२० च्या दशकाअखेरीस सक्तीने कापूस लावायला लावला. खरेदीचा मक्ता कंपनीकडे, आणि माल दूरच्या बंदरापर्यंत शेकडो मैल न्यायचा. २००३ पासून तेल निर्यात होऊ लागले आणि कापूस मागे पडला. भडगावच्या शेतकऱ्याला निदान मुंबईची रेल्वे आणि दहा व्यापारी होते. हा फरक लहान नाही.

पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या वर चणकापूर, हरणबारी, केळझर, पुनद अशी धरणे आहेत. ती भरल्यावर उरेल ते पाणी खाली येते, म्हणून गिरणा धरण मोजक्याच वर्षी भरून वाहिले. खाली सोडलेले पाणी जामदा बंधाऱ्यावर अडते आणि तेथून इंग्रजी अमदानीतील कालव्यांनी शिवारात पोहोचते. आवर्तन लांबले की विहिरीही आटतात. एकेकाळी केळीसाठी नावाजलेल्या काजगावात हे पीक जपणे महाग झाले. केळीचे नाव आता रावेर-यावलकडे आहे.

गिरणेवर सात बलून बंधारे (हवा भरून फुगवता येणारे रबरी बांध) बांधण्याची योजना वर्षानुवर्षे गाजते आहे. बंधारे हवेतच, पण वाळूउपसा थांबवणे आणि जामद्याच्या जुन्या कालव्यांची गळती बुजवणे ही कामे त्याआधीची आहेत, आणि त्यांना खर्चही कमी लागेल.