इंजिनाची भूक आणि कार्बोरेटरचा घसा
(आकुर्डी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आजचा विषय फळ्यावर वाचून काहींना वाटलं असेल, की सरांचं काहीतरी चुकलंय. चुकलं होतंच, पण ते बारा वर्षांपूर्वी. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आधी एक प्रश्न. इथे आकुर्डीत बसलेल्यांपैकी बजाज चेतक कोणी वापरली नाही? बघा, फार हात वर आले नाहीत. सकाळी चेतक सुरू झाली नाही की आपण काय करायचो? एका बाजूला वाकडी करायची, पुन्हा सरळ करायची आणि किक मारायची. वाकडी केली की कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त यायचं आणि थंड इंजिनाला हवं असलेलं दाट मिश्रण मिळायचं. जास्त वेळ वाकडी ठेवली तर 'ओव्हर' व्हायची, मग प्लग काढून पुसत बसा. म्हणजे कार्बोरेटरचा पहिला धडा आपण सगळे शिकलेलो आहोत: कमीही चालत नाही, जास्तही चालत नाही.

आता माझी गाडी. प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ४८०० आरपीएमला साधारण ४० अश्वशक्ती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. माझी अजून नोकरीत आहे.

निवृत्तीनंतर मला हौस आली. मूळचा एका घशाचा सोलेक्स काढून मी एक भला मोठा कार्बोरेटर बसवला. विचार साधा होता: घसा मोठा, हवा जास्त, ताकद जास्त. रिकाम्या रस्त्यावर गाडी सुसाट गेली, मी खूश. आठ दिवसांनी संध्याकाळी खंडोबा माळ चौकात जुना मुंबई-पुणे महामार्ग ओलांडत होतो. सौभाग्यवती शेजारी. सिग्नल सुटला, मी ॲक्सिलरेटर दाबला, गाडीनं एक आचका दिला आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली. बाजूनं ट्रक आला. त्याचा ब्रेक लागला म्हणून आज मी बोलतोय. त्यानंतर वर्षभर बायको त्या गाडीत बसली नाही. 'तुम्ही गाडी सुधारली की बिघडवली?' एवढंच म्हणाली.

माझा तर्क कुठे चुकला? हे समजायला कार्बोरेटर काय करतो ते बघू.

आपण म्हणतो, इंजिन पेट्रोल 'खेचतं'. खरं तर खेचत नाही. हवा अरुंद घशातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. फ्लोट असलेल्या भांड्यात मात्र बाहेरच्या वातावरणाचा दाब असतो. तो दाब पेट्रोलला जेटमधून घशाकडे ढकलतो. म्हणजे पेट्रोल किती येणार, हे घशातल्या हवेच्या वेगावर ठरतं. वेग नाही तर दाबातला फरक नाही, आणि फरक नाही तर पेट्रोल नाही.

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकारच आहे. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा घेतं. ४८०० आरपीएमला २४०० गुणिले १.०८९ लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८० टक्के धरू. मिनिटाला साधारण २०९० लिटर हवा झाली. पण ४८०० ला मी गाडी कधी चालवतो? निगडी ते पिंपरी माझी गाडी असते दीड-दोन हजारांवर. १५०० ला हीच हवा भरते जेमतेम ६५० लिटर, तीही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर.

समजा घसा २४ मिलिमीटरचा आहे. १५०० आरपीएमला त्यातून हवा सेकंदाला सुमारे २४ मीटर वेगानं जाईल. तोच घसा ३२ चा केला तर वेग उरतो साडेतेरा मीटर. दाबातला फरक वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणजे घसा एक-तृतीयांशानं वाढवला, आणि पेट्रोल ढकलणारा दाब एक-तृतीयांशावर आला! त्यात अचानक ॲक्सिलरेटर दाबला की हवा लगेच आत घुसते, पण पेट्रोल जड, ते मागे राहतं. ती फट भरायला ॲक्सिलरेटर पंप एक पिचकारी मारतो. घसा फार मोठा असेल तर ती पिचकारी पुरत नाही. चौकातला आचका तो हाच.

माझी चूक यंत्रातली नव्हती, शब्दातली होती. 'योग्य' हा शब्द 'युज्' धातूपासून आला, म्हणजे जोडणे. योग्य काय, ते कशाशी जोडायचं यावर ठरतं. एकटी वस्तू योग्य नसते. ॲरिस्टॉटल मध्यममार्ग समजावताना मायलो नावाच्या पैलवानाचं उदाहरण देतो: मायलोला जो खुराक थोडा पडेल, तोच नवशिक्याला जास्त होईल. मी माझ्या नवशिक्याला मायलोचा खुराक दिला होता.

तेव्हा जुन्या गाडीसाठी कार्बोरेटर निवडताना काय करायचं?

पहिलं, बदलायची गरज आहे का ते बघा. टॅपेट, टायमिंग, पॉइंट, कॉम्प्रेशन आधी तपासा. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा गळते का? थ्रॉटलचा शाफ्ट बोटानं हलवून बघा. तो झिजला असेल तर बाजूनं हवा शिरते आणि स्लो रनिंग कधीच बसत नाही. अशा वेळी शाफ्टला नवी बुश घालणं हे नव्या कार्बोरेटरपेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचं.

दुसरं, तुम्ही कोणत्या आरपीएमला जगता ते ठरवा. रोजची, शहरातली गाडी असेल तर मूळ मापाचाच कार्बोरेटर घ्या. लांबचा प्रवास, घाट जास्त असेल तर दोन घशांचा, टप्प्याटप्प्यानं उघडणारा चांगला. त्यात लहान घसा गावात काम करतो आणि मोठा फक्त जोर लागेल तेव्हा उघडतो. दोन्ही घसे एकदम उघडणारे शर्यतीसाठी ठेवा. दुसऱ्या छोट्या गाडीचा कार्बोरेटर अडॅप्टर प्लेट टाकून बसवणारेही आहेत. बसतो, पण जेट बदलावेच लागतात.

तिसरं, जागा आणि इंधन. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत, हवा पाचेक टक्के विरळ. त्यामुळे मुंबईत लावलेलं मिश्रण इथे दोन-तीन टक्के दाट होतं. हे चालून जातं. पण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणून जुन्या जेटवर मिश्रण साधारण सात टक्के पातळ होतं. उंचीचा दाटपणा वजा केला तरी चार-पाच टक्के उरतात. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा १३० आहे, तर १३२.५ किंवा १३५ लावून बघा. त्याहून मोठी उडी नको. आणि जुने रबर पाइप, पंपाचा पडदा बदलून घ्या. इथेनॉल त्यांना खातं.

चौथं, इंजिनाला विचारा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून प्लग काढा. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे दाट. पांढरा फटक म्हणजे पातळ, आणि हा जास्त धोक्याचा, कारण त्यात व्हॉल्व्ह जळतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. दोन एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

आणि गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर मूळ कार्बोरेटर भंगारात देऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते.

माझा मूळ सोलेक्स मी कोठीत ठेवला होता, हे माझं नशीब. चिंचवडच्या एका वयस्क मिस्त्रींनी तो खोलला, शाफ्टला बुश घातल्या, फ्लोटची पातळी बसवली. मग बोनेटवर हात ठेवून, डोळे मिटून, स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत राहिले. एका क्षणी थांबले आणि म्हणाले, 'आता ऐका सर.' मी ऐकलं, पण मला फरक कळला नाही. त्यांना कळत होता. एप्रिल २०२० पासून बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर गेला. आज मी तुम्हाला आकडे दिले, ते कुठेही मिळतील. तो कान मात्र मिळणार नाही. तुमच्या ओळखीत असा कोणी मिस्त्री असेल, तर गॅरेजमध्ये एक रविवार त्यांच्याजवळ उभे राहा.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, ॲव्हरेज किती देते?)

हा प्रश्न येणार हे माहीत होतं! गावात बारा-तेरा. पण चौकात बंद पडत नाही. आजही आम्ही दोघं त्याच गाडीतून आलोय, त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात. खरं-खोटं त्यांना विचारा.